योआखिमचा शब्द

२७ मे १८४४ रोजी लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या मैफलीत १२ वर्षांचा एक मुलगा व्हायोलिन घेऊन उभा राहिला. लहान मुलांना तेथे वाजवू न देण्याचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवला गेला होता. वाद्यवृंदाचे संचालन मेंडेल्सोन करीत होता. मुलाने वाजवला बीथोव्हेनचा व्हायोलिन काँचेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली दीर्घ कृती. १८०६ साली रचलेली ही कृती तोवर क्वचितच वाजवली जात असे. त्या मैफलीपासून तिचे दिवस पालटले.

हा मुलगा म्हणजे योझेफ योआखिम. त्याचा जन्म १८३१ चा, तेव्हाच्या हंगेरीतल्या एका ज्यू कुटुंबातला. तो रचनाकारही होता. १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ‘हंगेरियन’ काँचेर्टो आजही वादकांची परीक्षा पाहतो. पण पुढे त्याची लेखणी मंदावली. दुसऱ्याची कृती नेकीने श्रोत्यांपुढे मांडणे, हेच त्याने आपले काम मानले.

१८५३ मध्ये त्याच्याच सांगण्यावरून तरुण ब्राह्म्स शुमानच्या घरी गेला. पुढे ब्राह्म्सने आपला व्हायोलिन काँचेर्टो लिहिताना योआखिमचा सल्ला घेतला. १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिगला योआखिमनेच तो प्रथम वाजवला. त्यातील वाद्यवृंद थांबून केवळ व्हायोलिन बोलते, तो भाग योआखिमने रचलेला आहे आणि बहुतेक वादक आजही तोच वाजवतात.

१८६९ मध्ये बर्लिनला नवे संगीत विद्यालय निघाले, त्याची धुरा त्याच्याकडे आली. १९०७ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो शिकवत राहिला. त्याचा शिष्य लिओपोल्ड आउअर याने सेंट पीटर्सबर्गला याशा हायफेट्झसारखा वादक घडवला. योआखिमच्या शब्दाला युरोपभर वजन होते.

या वजनाची दुसरी बाजूही आहे. १८५३ मध्ये शुमानने योआखिमसाठी एक काँचेर्टो लिहिला. काही महिन्यांतच शुमानचे मन ढळले आणि १८५६ मध्ये मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. या कृतीत थकवा दिसतो, असे योआखिमचे मत पडले. शुमानची पत्नी क्लारा आणि ब्राह्म्स यांनाही ती लोकांपुढे आणू नये असे वाटले. ती मागे राहिली ती थेट १९३७ पर्यंत. तेव्हा बर्लिनमध्ये ती प्रथम जाहीरपणे वाजली, आणि तीही नाझी राजवटीच्या पुढाकाराने. ज्यू म्हणून मेंडेल्सोनचे संगीत या राजवटीने बंद केले होते. त्याची जागा भरायला तिला शुमान हवा होता.

योआखिमचा निवाडा कठोर होता, असे आज अनेक वादकांना वाटते. पण एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. शुमानच्या सेलोसाठीच्या पाच रचना क्लाराने १८९३ मध्ये नष्ट केल्या. त्या कायमच्या गेल्या. योआखिमला काँचेर्टो पसंत नव्हता, तरी त्याने हस्तलिखित जपून ठेवले. म्हणूनच आज आपण तो ऐकू शकतो आणि त्याचे म्हणणे पटते की नाही, हे आपल्या कानांनी ठरवू शकतो.