आणेवारी, नजरअंदाज आणि चिठ्ठी

विज्ञान शाखेत एक पेपर असा असतो की तो पास होण्यापुरताच वाचायचा असतो. पूर्वी बहुतेक ठिकाणी त्याला बायोस्टॅटिस्टिक्स म्हणत. आता नव्या शैक्षणिक धोरणात तो 'संशोधनपद्धती' ह्या नावाने एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी सगळ्यांच्या बोकांडी बसला आहे. मीन, मीडियन, मोड, स्टँडर्ड डेव्हिएशन, मग टी टेस्ट, मग अनोव्हा. सूत्रं पाठ करायची, कॅल्क्युलेटर न्यायचा, शेवटी 'नल हायपोथेसिस इज रिजेक्टेड' असं लिहून खाली दोन रेघा मारायच्या. पण हे सगळं आलं कुठून? असं विचारलं तर डोळ्यांसमोर कुणीतरी गोरा, चष्मेवाला गणिती येतो, आणि आपला त्याच्याशी काही संबंध नाही ह्याची खात्री पटते.

मी फैजपूरचा. वर सातपुडा, खाली तापी, मधे काळी जमीन आणि त्यात केळी नि कापूस. माझं म्हणणं असं की ह्या विषयाचं मूळ शोधायला आमच्याकडच्या पोराला फार लांब जायला नको. शेताच्या बांधापर्यंत गेलं तरी पुरतं.

सुरुवात आणेवारीपासून करू. हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरला आहे. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. यंदा पीक किती आलं? तर बारा आणे, आठ आणे, चार आणे. हे ठरवायचं कसं, तर नजरेनं. पाटील, तलाठी, त्यांच्यावरचे मामलेदार शेतं बघत आणि आकडा लिहीत. त्या आकड्यावर साऱ्याची सूट किंवा तहकुबी अवलंबून असायची. मुंबई इलाख्यात नियम असा होता की पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीची साऱ्याची वसुली पूर्ण तहकूब करायची. मग चार की पाच, ह्या एका आण्यावर घरातली भांडी राहणार की जाणार हे ठरायचं.

१९१८ चा खेडा सत्याग्रह आपण शाळेत 'गांधीजींनी शेतकऱ्यांसाठी केलेला लढा' एवढाच शिकतो. पण त्यातला झगडा नीट पाहिला तर तो मोजमापाचा आहे. शेतकरी म्हणतात पीक चार आण्यांच्या आत, सरकारी अधिकारी म्हणतात वर. शेत तेच, पीक तेच. दोघांनीही नजरेनंच मोजलेलं, आणि दोघांनाही उत्तर काय यायला हवं ते आधीच ठाऊक! संशोधनपद्धतीच्या पुस्तकात ह्याला 'बायस' म्हणतात आणि दोन ओळींत उरकतात. त्या दोन ओळी शिकवताना खेड्याचं नाव घेतलं तर मुलं विसरणार नाहीत असं मला आपलं वाटतं.

त्यानंतर अठरा वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं. खेडेगावात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजीही आले होते. नंदलाल बोस ह्यांनी बांबू वगैरे गावच्याच वस्तू वापरून टिळकनगर उभं केलं, हे आमच्या गावात लहान मुलालाही पाठ असतं. कमी पाठ असतो तो तिथला शेतीविषयक ठराव. सारा आणि खंड कमी करावा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना त्यातून सोडावं अशा मागण्या त्यात होत्या. आता 'न परवडणारी' हे ठरवायचं तरी आधी त्या जमिनीत पिकतं किती हे कळायला हवं. आणि १९३६ साली हिंदुस्थानात पिकतं किती ह्या प्रश्नाचं सरकारी उत्तर बहुतांशी नजरअंदाजच होतं.

बहुतांशी म्हटलं, कारण एक अपवाद होऊन गेला होता. तो मला ह्या सगळ्या इतिहासातला सर्वात चटका लावणारा भाग वाटतो. जॉन हबॅक नावाचा आयसीएस अधिकारी (हाच पुढे ओरिसाचा गव्हर्नर झाला) १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात भाताचं उत्पन्न मोजत होता. त्याने एक उचलून नेता येईल अशी त्रिकोणी चौकट केली. शेतात ती कुठे ठेवायची हे माणसाच्या मर्जीवर न सोडता रँडम पद्धतीने ठरवायचं, चौकटीच्या आतला भात कापायचा, वजन करायचं. 'चांगली जागा बघून ठेव' नाही आणि 'सरासरी वाटेल अशी बघून ठेव' तर मुळीच नाही, कारण सरासरी वाटणारी जागा निवडताना माणूस स्वतःचा अंदाजच पुन्हा निवडत असतो. ह्यावरची त्याची पुस्तिका पुसाच्या कृषी संस्थेतर्फे १९२७ मध्ये निघाली आणि बरीच वर्षं धूळ खात पडली.

त्याच काळात इंग्लंडात रोथॅमस्टेड इथल्या शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर काम करत होता. १८४३ पासून तिथे खतांचे प्रयोग चालू होते आणि आकड्यांचा ढीग साठला होता. १९१९ मध्ये फिशर तिथे आला तो हा ढीग उपसायला. उपसता उपसता त्याच्या लक्षात आलं की प्रयोगाची मांडणीच चुकली असेल तर नंतर कितीही गणित करून उपयोग नाही. त्यातून आजच्या पुस्तकातली तीन तत्त्वं आली: चिठ्ठी टाकून वाटणी, पुनरावृत्ती, आणि सारख्या जमिनीचे गट पाडून त्या गटातच तुलना. १९२५ मध्ये त्याचं संशोधकांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक आलं, १९३५ मध्ये प्रयोगांच्या मांडणीवरचं. म्हणजे फैजपूरच्या अधिवेशनाच्या आदल्याच वर्षी. मुलं ज्याला 'रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन' म्हणून घाबरतात त्यातला ब्लॉक म्हणजे शब्दशः जमिनीचा तुकडा आहे हो!

आणि ह्याच फिशरने पुढे १९४० च्या दशकात पत्रातून कळवलं की हबॅकच्या भाताच्या कापण्यांचा आपल्या रोथॅमस्टेडच्या पद्धतींवर मोठा परिणाम झाला होता. १९४६ मध्ये महालनोबीस ह्यांच्या 'संख्या' ह्या नियतकालिकाने हबॅकची पुस्तिका पुन्हा छापली. विद्या नेहमी तिकडून इकडे येते असं आपण धरून चालतो. ही वाट निदान काही अंतर उलटी चालली होती.

आता आपली माणसं. सातपुडा ओलांडून निमाडातून वर गेलं की इंदूर. तिथल्या शेतकी संशोधन संस्थेत विनायक गोविंद पानसे काम करत. १९३५ मध्ये हचिन्सन ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक निबंध लिहिला. विषय काय, तर कापसाच्या चाचणीत तुकडा केवढा असावा, कसल्या आकाराचा असावा, आणि कसा मांडावा. पुढे १९४० च्या दशकात आपल्या वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात, कापसाच्या उत्पन्नाची नमुना पाहणी झाली त्यामागेही पानसेच होते. दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनचे पदवीधर, लंडनला जाऊन डॉक्टरेट केलेले, १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत. ह्या दोघांचं शेतकी संशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये निघालं. शेतकी कॉलेजात शिकलेल्या कुणालाही 'पानसे-सुखात्मे' म्हणून पाहा, लगेच ओळख पटते. जोडनाव असावं तसं ते पुस्तक ओळखलं जातं.

सुखात्म्यांचं महालनोबीसांशी एक भांडण झालं आणि ते फार शिकण्यासारखं आहे. महालनोबीस बंगालमध्ये लहान लहान वर्तुळं आखून पीक कापत. लहान वर्तुळ म्हणजे काम झटपट, तेवढ्याच खर्चात जास्त जागा पाहून होतात. गणिताने त्यात चूक नव्हती. सुखात्म्यांनी तपासून दाखवलं की लहान तुकड्यांतून उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येतं, आणि १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. कारण अगदी घरगुती आहे. दोरीच्या बरोबर खाली आलेलं झाड आत धरायचं की बाहेर? कापणारा माणूस सहसा आत धरतो. आता हिशेब करून पाहा. समजा २ फूट त्रिज्येचं वर्तुळ घेतलं, तर क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट आणि कडा साडेबारा फूट. एका चौरस फुटामागे एक फूट कडा! हेच ३३ फूट बाय साडेसोळा फूट असा मोठा आयत घेतला तर क्षेत्रफळ ५४४ चौरस फूट आणि कडा ९९ फूट. एक फूट कडेला साडेपाच चौरस फूट. कडेवरची लबाडी म्हणा, माया म्हणा, मोठ्या तुकड्यात विरघळून जाते. ही गोष्ट कुठल्याही सूत्रात नव्हती. शेतात उभं राहून कापणाऱ्याच्या हाताकडे बघितल्याशिवाय ती दिसत नाही.

भांडणाचा दुसरा मुद्दा, मोजणी कुणी करायची. महालनोबीसांचा कल स्वतंत्र, प्रशिक्षित माणसं ठेवण्याकडे, तर सुखात्मे म्हणत की महसूल आणि शेती खात्याची आहेत तीच माणसं वापरा. पुढे देशभर सुखात्म्यांची तऱ्हा रुळली. पूर्वी बांधावरून आणे सांगणारा तलाठी आता दोरी, खुंट्या नि रँडम आकड्यांचं कोष्टक घेऊन शेतात शिरला. पीक कापणी प्रयोग म्हणतात तो हाच. आणे गेले, पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या आत पीक म्हणजे टंचाई हे महाराष्ट्रात कित्येक वर्षं चाललं. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळविषयक नियमावलीनंतर पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवाई असे निकष आले. पण पीक विम्यात कापणी प्रयोग अजून आहेतच, आणि त्या दिवशी शेतात कोण कोण उभं असतं ते गावाला बरोबर ठाऊक असतं. (आमच्या केळीचा विमा मात्र हवामानावर, त्यामुळे तिथे भांडण तापमानाच्या यंत्राशी.)

असो. हे सगळं आठवायला कारण माझी भाची. ती एमएस्सी बॉटनीला आहे. प्रोजेक्टला तिने घेतलं एक द्रवरूप खत. त्यामुळे केळीच्या खोडाचा घेर वाढतो का, हे पाहायचं. तिच्या पप्पांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, शेत दिलं आणि मांडणीही करून दिली: विहिरीकडच्या अर्ध्या बागेला औषध, पलीकडच्या अर्ध्या बागेला नाही. मी म्हटलं, अगं, ठिबकच्या नळीला विहिरीजवळ पाण्याचा जोर जास्त, शेवटाला कमी. पलीकडे उन्हाळ्यात वारं मारतं. घेर वाढला तर तो औषधाने की पाण्याने, कसं सांगणार?

मग आम्ही विहिरीपासून शेवटापर्यंत सहा पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यात शेजारी शेजारी दहा-दहा झाडांचे दोन वाटे. कुठल्या वाट्याला औषध हे नाणं उडवून ठरवायचं. "मामा, नाणं उडवून प्रोजेक्ट? सर काय म्हणतील?" मी म्हटलं, सरांना फिशर सांग. दाजी मात्र खरेच नाराज झाले. शेवटच्या पट्ट्यात छाप पडला आणि औषध नेमकं बांधाकडच्या, वाऱ्याने पानं चिरलेल्या वाट्याला आलं. "तिथे कशाला वाया घालवता, आतल्या झाडांना टाका ना." शंभर वर्षांपूर्वी हबॅकलाही कुणीतरी असंच म्हटलं असणार! भाची हलली नाही. तिथेच टाकलं.

चार महिन्यांनी टेपने घेर मोजले. सहापैकी चार पट्ट्यांत औषधाचा वाटा सरस, दोनांत साधा. दाजी खूष, चार विरुद्ध दोन, म्हणजे जिंकलोच की! मग भाचीने अंगणात बसून त्यांना हिशेब करून दाखवला. औषध म्हणजे नुसतं पाणी आहे असं समजा, तर प्रत्येक पट्ट्यात कोण सरस हे छापाकाट्यासारखंच. सहा नाण्यांचे चौसष्ट प्रकार होतात. त्यांत चार किंवा जास्त वेळा छाप येण्याचे पंधरा, सहा आणि एक, मिळून बावीस. म्हणजे नुसतं पाणी घातलं असतं तरी साधारण तिनात एकदा एवढं यश दिसलंच असतं. सहाच्या सहा आले असते तर चौसष्टात एकदा, मग काहीतरी बोलता आलं असतं.

दाजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पुढच्या बागेसाठी दोन कॅन आणून ठेवले आहेत त्याचं काय?" भाची म्हणाली, बारा पट्टे करू.