यादीतून थेट पानावर: एका सोयीची दुसरी बाजू

१९९५ पूर्वी संकेतस्थळावरील यादीतून पर्याय निवडला, तरी ती निवड आधी सर्व्हरकडे पाठवावी लागे. पुढच्या पानाचा पत्ता तोच कळवी. त्या वर्षी नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचे पहिले रूप घडवले. मग निवड बदलताच ब्राउझर स्वतःच नव्या पानाकडे वळू लागला. बटणही नको!

ही घाई सर्वांना मानवली नाही. कळफलकावर विसंबणाऱ्यांनी, त्यांत अंध वाचकही आले, बाणाची कळ दाबताच काही ब्राउझर त्यांना पहिल्याच पर्यायाच्या पानावर नेऊन सोडत. यादीतील पाचवे नाव गाठणे दुरापास्त. डिसेंबर २००८ मध्ये डब्ल्यूसीएजी २.० या सुगम्यता-नियमावलीने बजावले: पूर्वसूचनेविना केवळ निवडीने पान बदलू नये. सुचवलेला उपाय जुनाच होता: यादीशेजारी एक बटण.