संगणकीय इशारा आणि त्याची विश्वासार्हता : पुणे परिसराच्या संदर्भात एक टिपण

पुण्याच्या पश्चिमेस, भूगाव व भुकूम ओलांडल्यावर लागणारे पिरंगुट हे मुळशी तालुक्यातील गाव आज कारखाने व नव्या वसाहती यांमुळे परिचित आहे. अशा गावातील एखाद्या घरी लॅपटॉपच्या पडद्यावर, संगणकास व्हायरसची बाधा झाल्याचा इंग्रजी इशारा अकस्मात उमटला, म्हणजे घरच्या माणसांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. बाधा खरी आहे काय, हा पहिला; आणि इशारा देणारा कोण, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा ऊहापोह तंत्रज्ञांनी पुष्कळ केला आहे. दुसरा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे. इशारा देणाऱ्याची ओळख गेल्या चार दशकांत कसकशी पुसट होत गेली, हे पाहिल्यावाचून त्याचा उलगडा होत नाही.

१९८६ मध्ये लाहोर येथील अल्वी बंधूंनी रचलेल्या ‘ब्रेन’ या व्हायरसात त्यांची नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक नमूद केलेले होते. आपल्या प्रणालीच्या चोरट्या प्रती निघू नयेत एवढाच आपला हेतू होता, असे त्यांचे सांगणे असे. हा व्हायरस फ्लॉपीवरून पसरे; म्हणजे बाधा एका हातातून दुसऱ्या हाती जाई, आणि ती कोणाच्या फ्लॉपीतून आली याचा माग काढणे बहुधा शक्य असे.

तथापि बाधा आणि तिचा गवगवा यांचे प्रमाण तेव्हापासूनच जुळत नव्हते. ६ मार्च हा दिवस येताच संगणकातील माहिती नष्ट करणारा ‘मायकेलअँजेलो’ हा व्हायरस १९९२ साली जगभर गाजला. लक्षावधी संगणक निकामी होतील, अशी भाकिते वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात बाधित यंत्रांची संख्या काही हजारांच्या घरात राहिली. भयाचा प्रसार व्हायरसाहून वेगाने होतो, हा या प्रसंगाचा धडा पुढे अनेकांनी गिरवला. काहींनी तो लोकांना सावध करण्यासाठी वापरला, तर काहींनी लुबाडण्यासाठी.

याच सुमारास पुण्यात या व्याधीवरील उपचाराचा एक व्यवसाय आकार घेत होता. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर-दुरुस्तीचे काम शिकून घेतले आणि १९९० च्या सुमारास मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे छोटे दुकान थाटले. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत व्हायरस आढळू लागले, तेव्हा संगणकशास्त्राचे विद्यार्थी असलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर तोडगा म्हणून प्रणाली लिहिल्या. १९९५ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ही खाजगी कंपनी म्हणून नोंदली गेली व २००७ मध्ये तिने ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ हे नाव धारण केले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, या कालखंडात निदान सांगणारा मनुष्य ग्राहकाच्या समोर बसलेला असे. त्यास प्रश्न विचारता येई, आणि निदान चुकले तर दुसऱ्या दिवशी त्याच दुकानाची पायरी चढता येई.

इंटरनेटच्या प्रसाराने ही स्थिती पालटली. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट-सेवा सुरू केली. पुढे ज्ञात व्हायरसांच्या खुणांची यादी दुरून अद्ययावत होऊ लागली. त्या खुणा फायलींशी ताडून पाहणे हे अँटिव्हायरसचे मूळ काम होय. आता इशारा दुकानदार देत नव्हता, पडद्यावरील चौकट देत होती. ती चौकटही निर्दोष नव्हती. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या सदोष अद्ययावत यादीने विंडोज एक्सपीमधील एक अत्यावश्यक फाईलच व्हायरस ठरवली, व ठिकठिकाणचे संगणक बंद पडले.

याहून गंभीर प्रकार म्हणजे इशाऱ्याचे सोंग. यंत्रातील प्रत्येक फाईल उघडून पाहण्याचा अधिकार अँटिव्हायरसला द्यावा लागतो. उपचाराच्या नावाने घरात शिरण्याचा असा अधिकार विश्वासावाचून टिकत नाही, हे १८९७ च्या प्लेगमधील घरझडतीवरून पुण्याने पूर्वीच अनुभवले होते. भामट्यांनी नेमका हाच अधिकार मागण्यास सुरुवात केली. ‘विनफिक्सर’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ इत्यादी नावांनी खोटी तपासणी दाखवून पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये कारवाई केली. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. पुढे चौकटीत दूरध्वनी क्रमांक आला, आणि पलीकडून बोलणारा ‘तंत्रज्ञ’ यंत्राचा ताबा मागू लागला. अशी काही केंद्रे भारतातच होती. केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत देशात ७६ ठिकाणी छापे घातले, त्यांत अशा केंद्रांचाही समावेश होता.

उलटपक्षी, खरी बाधा पुष्कळदा मूक असते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरवून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लांबवण्यात आली. बहुतेक रक्कम २८ देशांतील एटीएममधून निघाली. खातेदारांच्या पडद्यावर लाल चौकट उमटली नव्हती.

या इतिहासातून घरगुती वापरासाठी निघणारा निष्कर्ष असा : इशाऱ्याची परीक्षा त्याच्या मजकुरावरून करू नये, त्याच्या उगमावरून करावी. संकेतस्थळाच्या पानास संगणकातील फायली तपासता येत नाहीत. म्हणून ब्राउझरमध्ये उमटलेला ‘तपासणीचा निकाल’ खोटाच समजावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक नसतो, असे त्या कंपनीने जाहीर केले आहे. चौकट बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, आणि मग आपण स्वतः बसवलेला अँटिव्हायरस (किंवा विंडोज ८ पासून अंगभूत असलेला डिफेंडर) उघडून त्यातील नोंद पाहावी. नोंद आढळल्यास यादी अद्ययावत करून, इंटरनेट तोडून संपूर्ण तपासणी करावी. पासवर्ड मात्र दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावेत. कोणास यंत्राचा ताबा किंवा पैसे दिले गेले असतील, तर विनाविलंब बँकेस व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेले शासनाचे सायबर स्वच्छता केंद्र तपासणीची साधने विनामूल्य पुरविते.

मंगळवार पेठेतील दुकानात ग्राहक जो प्रश्न सहज विचारू शकत होता, तोच पिरंगुटच्या घरातील माणसास आज चौकटीस विचारावा लागतो : तू कोण, आणि तुला कोणी बोलावले? ज्या चौकटीपाशी या प्रश्नाचे उत्तर नाही, तिचे निदान ग्राह्य धरण्याचे कारण नाही.