शिलिंगबाईंची चकती



स्मरणिकेसाठी लेख द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली. लोणच्याची कृती मागा, आनंदाने देते." पण त्या ऐकेनात. इतिहासावरच लिहा म्हणाल्या. इतिहास म्हटला की आपल्याला गड, राजे आणि तलवारी आठवतात. मला मात्र मुलाने त्याच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकातून वाचून दाखवलेली एक पितळेची चकती आठवली. ती गोष्ट ऐकताना मला सारखा आमच्या आईचा पंपाचा स्टोव्ह दिसत होता. का ते पुढे सांगते.

साल १९४०. जूनमध्ये फ्रान्स पडला आणि जुलैपासून जर्मन विमाने इंग्लंडवर चालून येऊ लागली. ऑक्टोबरपर्यंत आकाशात घनघोर लढाई झाली. इंग्रजांची मदार स्पिटफायर आणि हरिकेन या दोन लढाऊ विमानांवर होती. दोहोंत रोल्स-रॉइस कंपनीचे मर्लिन नावाचे इंजिन. इंजिन मोठे गुणी, पण त्याला एक खोड होती. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली दाबले की इंजिन ठसकत असे, काळा धूर ओकत असे आणि कधी चक्क बंद पडत असे.

जर्मन मेसरश्मिट विमानात पेट्रोल पिचकारीसारखे थेट इंजिनाच्या सिलिंडरांत सोडलेले असे, त्यामुळे त्याला ही पीडा नव्हती. पाठीवर इंग्रज आला की जर्मन वैमानिक नाक खाली करून सरळ सूर मारी. इंग्रजाने तसाच पाठलाग केला तर त्याचे इंजिन दगा देई. आणि पाठीवर जर्मन असला तर त्या वाटेने पळताही येत नसे. मग त्यांनी युक्ती काढली. आधी विमान अर्धे उलटे करायचे आणि मगच खाली ओढायचे, म्हणजे पेट्रोल तळाशी दाबलेले राहते. पण लढाईत तेवढ्या दोन क्षणांत शिकार निसटते, नाहीतर आपणच शिकार होतो. विशी-बाविशीची पोरे होती ती.

आता हे का होई ते पाहा. एस. टी. भरधाव जाताना रस्त्यावरच्या उंचवट्यावरून एकदम खाली उतरली की आपल्या पोटात गोळा येतो ना? तसेच विमान खाली झेपावले की पेट्रोल उसळून कार्ब्युरेटरच्या छताला लागे. कार्ब्युरेटरात पाण्याच्या टाकीत असतो तसा एक तरंगता गोळा असतो. भरले की तोंड बंद, उतरले की उघडे. पेट्रोल छताला गेले की हा गोळा फसे आणि तोंड उघडे टाकी. मागून पंप पूर्ण जोराने पेट्रोल लोटतच असे. इंजिन आधी क्षणभर उपाशी राही आणि मग अजीर्णाने गुदमरे.

आमच्या आईच्या स्टोव्हच्या निपलचे भोक पिना घालून घालून मोठे झाले होते. पंप मारला की रॉकेल भसाभस वर येई, ज्योत पिवळी होई आणि पातेली काळी. आई म्हणे, "रॉकेल कमी नाही गं, जास्त होतंय." मर्लिनचे दुखणे हेच होते.

यावर औषध शोधले बीट्रिस शिलिंग या बाईंनी. त्यांचा जन्म ८ मार्च १९०९ चा, म्हणजे नेमका महिला दिनाचा. वडील खाटीक. चौदाव्या वर्षी मुलीने मोटरसायकल घेतली! शाळा संपल्यावर त्या मार्गारेट पार्ट्रिज या बाईंकडे घरोघरी वीज बसवण्याच्या कामाला लागल्या, आणि त्याच बाईंनी त्यांना पुढे शिकायला लावले. मँचेस्टरच्या विद्यापीठात त्यांच्या वर्गात मुली दोनच. १९३४ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांनी ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने मोटरसायकल पळवून सुवर्णतारा मिळवला. १९३६ साली फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात नोकरी लागली, तीही आधी यंत्रांची माहितीपुस्तके लिहिण्याची. हातात पाना धरणाऱ्या बाईला लेखणी दिली. पुढे मात्र त्या कार्ब्युरेटरच्या खात्यात गेल्या.

नवा कार्ब्युरेटर घडवायला वेळ लागणार होता आणि वैमानिक तर रोज मरत होते. बाईंनी कार्ब्युरेटरच्या आधी पेट्रोलच्या नळीत भोक पाडलेला एक छोटा पितळी तुकडा बसवला. आधी तो अंगुस्तानासारखा होता, पुढे साधी चकती झाली. सारी अक्कल भोकाच्या मापात. इंजिन पूर्ण जोरात चालताना जेवढे पेट्रोल लागते तेवढेच त्यातून जाईल, जास्त नाही. मग गोळा फसून तोंड उघडे राहिले तरी पूर येत नाही. इंजिन क्षणभर ठसकले तरी गुदमरून बंद पडत नाही. विमान कारखान्यात न्यायची गरज नाही, तळावरच बसवता येई. १९४१ च्या आरंभी बाई हाताखालची थोडी माणसे घेऊन तळामागून तळ फिरल्या आणि मार्चपर्यंत इंग्लंडच्या लढाऊ विमानदलात सगळीकडे चकत्या बसल्या. त्याच वर्षी इंग्लंडमधून हरिकेन उडवणाऱ्यांत महिंदरसिंग पुजी हे आपले भारतीय वैमानिकही होते.

विमान बराच वेळ उलटे उडवायचे तर ही चकती पुरत नसे. त्याचा खरा इलाज, दाबाचा कार्ब्युरेटर, १९४३ साली आला. तोवर दोन वर्षे या तुकड्याने निभावले.

वैमानिकांनी त्याला 'मिस शिलिंगचे भोक' असे नाव ठेवले. त्यात थोडा वात्रटपणा होता, तो मी इथे उलगडून सांगत नाही. मला खटकते ते 'मिस'. बाईंचे लग्न १९३८ सालीच जॉर्ज नेलर यांच्याशी झाले होते आणि ते यजमान पुढे स्वतः बॉम्बफेकी विमाने उडवीत होते. पण नाव चिकटले ते चिकटलेच.

युद्धानंतर बाईंना सरकारी सन्मान मिळाला, पण केंद्राच्या अगदी वरच्या खुर्चीपर्यंत त्या कधी पोहोचल्या नाहीत. १९६९ पर्यंत त्यांनी तिथेच काम केले. ओल्या धावपट्टीवर विमानाची चाके का घसरतात, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९९० साली त्या वारल्या.

मुलाने शेवटी पुस्तकातले त्या चकतीचे चित्र दाखवले. मध्ये एक भोक, बाकी काही नाही. आमची आई असती तर तिने आधी त्यात पिन घालून पाहिली असती.