वेदी आणि बांध



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी आपली दृष्टी प्रथम पवित्र वेदीकडे वळते, हे योग्यच होय. परंतु वेदीवर अर्पिली जाणारी भाकर शेतातून येते, आणि शेत पाण्यावाचून पिकत नाही. हे साधे सत्य ज्यांनी आपल्या परिसरात आचरून दाखविले, त्या फादर हर्मन बाखर यांचे स्मरण येथे उचित होईल.

स्वित्झर्लंडमध्ये १९२४ साली जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १९४८ साली भारतात आले. त्यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः अहमदनगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर. १९८७ साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिक धर्मप्रांतात तो मोडतो. पाऊस तेथे तुटपुंजा, आणि पडतो तोही माती घेऊन वाहून जातो. १९७२ च्या दुष्काळाची आठवण वडीलधाऱ्यांस अद्याप आहे. भुकेल्यास धान्य देणे हे दयाकृत्य खरे. पण पुढील दुष्काळी त्यास पुन्हा हात पसरावा लागू नये, हा विचार फादरांच्या सेवेचा पाया होता.

उपाय वरवर साधा दिसे. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर व बांध घालावे, झाडे लावावी, नाले अडवावे आणि पाणी जमिनीत मुरवावे. मात्र केवळ पैशाने हे साधत नसे. ग्रामस्थांनी श्रमदान करावयाचे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावयाची, ही अट असे. याच कार्यासाठी १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी 'वॉटर' ही संस्था स्थापिली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावी हे काम उभे राहिले.

येथे एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. विहिरीला पाणी वाढते ते जमीनवाल्याच्या. शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाचे रान मात्र बंद होते. म्हणून ज्याच्यापाशी काही नाही त्याचा वाटा प्रथम राखल्याखेरीज सेवा पूर्ण होत नाही. नाल्यातील पाणी कोणाची जात वा धर्म विचारीत नाही. आपणही विचारू नये.

फादर बाखर १४ सप्टेंबर २०२१ रोजी प्रभूच्या सन्निध गेले. मिस्सेत आपण भाकर व द्राक्षारस अर्पितो, तेव्हा त्यासोबत आपले श्रमही अर्पावयाचे असतात. या ज्युबिलीत मेणबत्त्या अवश्य लावाव्या. पण आपल्या त्यागामुळे कोणत्या शेजाऱ्याच्या घरी पाणी पोहोचले, हाही हिशेब प्रत्येकाने अंतःकरणात मांडावा. प्रभू आपणांस तशी बुद्धी व बळ देवो. आमेन.