जड चाप

दोन वर्षांपूर्वी एका मासिकात मी जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांवर लिहिलं होतं. त्यात एक वाक्य सहज लिहून गेलो : 'स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याच्या वाट्याला आलेली ब्रिटिश रिव्हॉल्व्हरं झिजलेली असल्यामुळे त्यांचे चाप जड झाले होते.' त्यावर एका निवृत्त आर्मररचं पोस्टकार्ड आलं. मजकूर एवढाच : 'आपण ते रिव्हॉल्व्हर कधी उघडून पाहिले आहे काय?'

पाहिलं नव्हतं. ते वाक्य मी कागदपत्रांवरून लिहिलं नव्हतं, अण्णांवरून लिहिलं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सेंच्युरियन रणगाड्याचे चालक. रणगाडा त्यांच्या हातात मांजरासारखा वागे असं त्यांचे सोबती सांगत. पण रिव्हॉल्व्हरच्या नेमबाजीत ते कायम मागे. 'बोटात जोर नाही' हा त्यांच्या उस्तादाचा शेरा त्यांनी आयुष्यभर खरा मानला. रजेवर आले की अंगणात बसून उजव्या हाताच्या तर्जनीनं पाण्याची कळशी उचलत. आम्ही पोरं हसायचो. पुढे मला वाटू लागलं की दोष त्यांच्या बोटाचा नसणार, जुनाट हत्याराचा असणार. मुलानं बापाची बाजू घ्यावी हे ठीक, पण संशोधकानं पुरावा पाहायला हवा होता.

पोस्टकार्डवाल्या गृहस्थांनीच मला नगर भागातल्या एका खासगी संग्रहात नेलं. तिथे एन्फिल्ड नंबर २ होतं. नळी कायमची बुजवलेली, आतली यंत्रणा मात्र शाबूत. आपल्याकडे 'घोडा' हा शब्द दोन्ही भागांना वापरतात, म्हणून आधीच सांगतो : बोटानं ओढायचा तो चाप, मागून काडतुसावर आपटतो तो घोडा.

आर्मररसाहेबांनी चक्री रिकामी असल्याची खात्री केली आणि चाप अगदी सावकाश ओढायला लावला. "करकरतोय? मध्येच अडतोय?" सुरुवातीला किंचित करकर होती. त्यांनी बाजूची पत्री उघडली. आत वर्षानुवर्षांचं ग्रीस गुळाच्या पाकासारखं घट्ट झालेलं, कडेला तांबेरा. रॉकेलनं धुऊन, पुसून, तेलाचे दोन थेंब सोडून पुन्हा जोडलं. करकर गेली. जडपणा मात्र जवळजवळ तसाच राहिला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. "झिजलेलं हत्यार खरखरतं, अडखळतं," ते म्हणाले. "हे अडखळत नाही. हे जडच जन्मलंय." मग भिंगाखाली त्यांनी 'मार्क १' या अक्षरांपुढचा बारीक तारा दाखवला. तो मूळ अक्षरांच्या ओळीत नव्हता, मागाहून ठोकलेला होता.

त्या ताऱ्याचा इतिहास असा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे .४५५ बोअरचं वेब्ली असे. धक्का मोठा, आणि घाईनं भरती केलेल्या माणसाला ते आवरत नसे. म्हणून युद्धानंतर .३८ बोअरचं हलकं रिव्हॉल्व्हर हवं असं ठरलं. वेब्ली अँड स्कॉट कंपनीनं आपला नमुना दिला. सरकारनं तो घेऊन एन्फिल्डच्या आपल्याच कारखान्यात थोडे फेरफार केले आणि १९३२च्या सुमारास नंबर २ मार्क १ म्हणून तो स्वीकारला. वेब्लीनं २,२५० पौंडांचा दावा लावला, शेवटी पदरात १,२५० पडले. सरकारशी व्यवहार करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

या मूळ मार्क १ला घोड्यावर अंगठ्यानं ओढायचं शिंग होतं. अंगठ्यानं घोडा मागे अडकवला की चक्री फिरवणं आणि मुख्य स्प्रिंग दाबणं ही दोन्ही जड कामं उरकत. बोटाला फक्त घोडा सोडायचा असे, त्यामुळे नेम स्थिर राही. पण रणगाड्यातल्या सैनिकांची तक्रार आली की ते शिंग आतल्या वस्तूंत अडकतं. मला हे कारण पुस्तकी वाटायचं. नगरच्या रणगाडा संग्रहालयात एका जुन्या ब्रिटिश रणगाड्याच्या झाकणाशी उभा राहिलो, तेव्हा पटलं. त्या भोकातून कमरेला हत्यार बांधून घाईनं बाहेर पडायचं म्हणजे खिळ्यांच्या फळीतून धोतर सोडवण्यासारखं आहे.

म्हणून १९३८ साली मार्क १-तारा आला. शिंग छाटलं, घोडा मागे अडकवून ठेवायची सोयही काढली. आता अंगठ्याची सगळी कामं तर्जनीवर आली. स्प्रिंग थोडी हलकी केली, पण फार नाही. काडतुसाच्या टोपीवर पुरेसा ठोका बसला नाही तर बार फुसका जातो. तरीही चापाला साधारण ११ ते १३ पौंड, म्हणजे पाच ते सहा किलोंची ओढ लागायची. रिव्हॉल्व्हरचं स्वतःचं वजन मात्र पाऊण किलोच्या आसपास. हातातल्या वस्तूच्या सहा-सात पट जोर एका बोटानं लावायचा आणि वस्तू हलू द्यायची नाही!

माझी चूक नेमकी कुठे होती ते पुढच्या तपशिलात आहे. आधीची बहुतेक मार्क १ रिव्हॉल्व्हरं युद्धकाळात दुरुस्तीला आली, तशी तशी त्यांचीही शिंगं छाटून ती तारांकित करण्यात आली. म्हणजे ज्या हत्याराचा चाप अंगठ्याच्या मदतीनं हलका करता येत होता, ते कार्यशाळेतून दुरुस्त होऊन बाहेर पडताना कायमचं जड झालं. संग्रहातलं ते एन्फिल्ड त्यांपैकीच. मी ज्याला झीज म्हटलं, ती सरकारी दुरुस्ती होती.

त्या हत्याराकडून अपेक्षाही चार पावलांवरच्या झटापटीची होती, दूरच्या निशाणाची नव्हे. अण्णांची परीक्षा मात्र कागदी निशाणावर झाली, आणि शेरा बोटावर बसला. उस्तादाला तरी दोष कसा द्यावा? त्याच्याही हाती तेच हत्यार आलं असणार.

त्या मासिकाला मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. चार ओळींत छापून आलं.

अण्णांची कळशी अजून आमच्या मोरीत आहे. घरी आल्यावर ती काठोकाठ भरून काट्यावर ठेवली. सहा किलोंना थोडी कमी भरली. मी तर्जनीनं उचलून पाहिली. हात थरथरला आणि पाणी पायांवर सांडलं. आई म्हणाली, "ते सांडायचे नाहीत."