प्रश्न कोणी कोणाला विचारावा?



इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे लढाया, तह आणि राज्यांच्या उलथापालथी यांविषयी ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने आजचा विषय फारच किरकोळ वाटण्याचा संभव आहे. नऊ साते किती? भारताची राजधानी कोणती? झाडे अन्न कशी तयार करतात? पानिपतची तिसरी लढाई कोणत्या साली झाली? शाळकरी मुलांना विचारावयाचे असले सर्व विषयांतील प्रश्न आज पुस्तकांतून, स्पर्धांतून आणि दूरचित्रवाणीवरून आपल्या कानांवर सारखे आदळत असतात. यात इतिहास तो कोणता, असे कोणी विचारील. पण प्रश्न कोणी विचारला, कोणाला विचारला, उत्तर आले नाही तर काय झाले, आणि कोणाला प्रश्न विचारण्याचीही कोणास गरज भासली नाही, एवढ्या गोष्टी पाहिल्या, की त्या त्या समाजाची विद्येविषयीची कल्पना आपोआप उघडी पडते.

आपल्या जुन्या वाङ्मयात प्रश्नाची दोन रूपे अगदी प्रारंभापासून दिसतात. पहिले वनपर्वातील यक्षाचे. तळ्यावर पाणी पिण्यास आलेल्या पांडवांना यक्ष अडवितो. आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे द्या, मग पाणी प्या, ही त्याची अट. चौघे भाऊ ती मानीत नाहीत व गतप्राण होऊन पडतात. युधिष्ठिर उत्तरे देतो आणि सर्वांना सोडवितो. येथे प्रश्न हा नाक्यावरचा पहारा आहे. उत्तर आले तर वाट मोकळी, नाही तर तेथेच शेवट. दुसरे रूप प्रश्नोपनिषदातले. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांना सांगतात, की एक वर्ष येथे राहा, मग हवे ते विचारा. आम्हांला ठाऊक असेल तर सर्व सांगू. ठाऊक असेल तर! गुरूने शिष्यांना आधीच दिलेली ही कबुली मला फार मोलाची वाटते. येथे विचारणारे शिष्य आहेत आणि उत्तराची जबाबदारी गुरूवर आहे. पुढचा सारा इतिहास म्हणजे या दोन रूपांची ओढाताण होय, असे म्हटले तरी चालेल.

या दोहोंच्या मधोमध आपल्याच मुलखाच्या परिसरात एक तिसरे रूप घडले. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पुरा केला. त्यातील पाटीगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’. त्यातील कित्येक उदाहरणे एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत. ही लीलावती म्हणजे आचार्यांची कन्या, ही आख्यायिका अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतराबरोबर सर्वत्र पसरली. ती खरी असो वा नसो, प्रश्नाचा सूर मात्र ग्रंथातच आहे आणि तो लाडका आहे. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. साप बिळापासून सत्तावीस हातांवर असताना मोर त्यावर तिरपी झेप घेतो. दोघांची चाल सारखी, तर ते बिळापासून किती हातांवर भेटतील? उत्तर बारा हात. काटकोन त्रिकोणाचा नियम शिकवावयाचा तर तो कोरडेपणाने सांगता आला असता. परंतु आचार्यांनी मोर, साप, भुंगे, वाऱ्याने कललेले कमळ असे अवघे रान गणितात आणले. मुलाला आधी चित्र दिसावे, मग कुतूहल वाटावे, आणि नियम त्यामागून यावा, हे धोरण उघड आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला व त्याला देणग्या मिळाल्या, असे त्यावरून समजते. आणि लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे मोरासापाचा हा प्रश्न खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या सोडविला जावा, अशी तजवीज झाली होती.

पुढे पंतोजीच्या शाळेत मात्र प्रश्नाचे स्वरूप निराळे झाले. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची आणि संध्याकाळी परवचा म्हणावयाचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सारे तोंडपाठ. साडेतीनाच्या पटीतली औटकी बिनचूक म्हणणाऱ्या मुलाला पेढीवर किंवा वाड्यावर हिशेबाला अडत नसे, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ‘सात औट किती?’ एवढेच विचारले जाई, ‘असे का?’ हे विचारण्याची सोय नव्हती, आणि विचारलेच तर छडी हेच उत्तर. पृथ्वीचा आकार, देशोदेशींच्या नद्या, पूर्वी होऊन गेलेली राज्ये यांविषयी तेथे कोणी काही विचारीत नसे. त्या काळी मुलांचे खरे कुतूहल शाळेबाहेर, आजीच्या हुमाणांत आणि कूटप्रश्नांत जिवंत राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही चौकट हलली. १८२२ साली मुंबईत शाळा व शालेय पुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ १८३२ मध्ये व ‘दिग्दर्शन’ १८४० मध्ये सुरू केले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले. मराठी मुलाच्या प्रश्नांत भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान ही नवी नावे प्रथमच येऊ लागली. ज्याला आपण आज ‘सामान्यज्ञान’ म्हणतो, त्याची पायाभरणी ती हीच.

परंतु त्याच सुमारास विलायतेत एक वेगळी रीत जोरात होती. ख्रिस्ती धर्मशिक्षणातील प्रश्नोत्तरीच्या धर्तीवर लौकिक विषयांची पुस्तके लिहिली जात. प्रश्न छापलेला आणि उत्तरही छापलेले. यॉर्कशरमधील रिचमल मँगनॉल या शिक्षिकेने १८०० च्या सुमारास इतिहासाचे व किरकोळ प्रश्नांचे असे एक पुस्तक मुलांसाठी प्रसिद्ध केले. पुढच्या अर्धशतकात त्याच्या ऐंशीहून अधिक आवृत्त्या निघाल्या! ग्रीक राजे, रोमन सम्राट, धातू, हवामान, सगळ्याची सरमिसळ. आजच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांची ही पणजीच म्हणावयाची. तिचा गुण हा, की घरबसल्या मुलीबाळींना चार विषयांचा परिचय झाला. दोष हा, की प्रश्न विचारण्याआधीच उत्तर ठरून गेले.

आता मी या विषयाच्या गाभ्याशी येतो. प्रश्न विचारला जाणे ही शिक्षा आहे, असे आपल्या मुलांना वाटते. परंतु ज्यांना शतकानुशतके कोणी प्रश्नच विचारला नाही, त्यांच्या दृष्टीने तो सन्मान होता. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्या काळी शाळांच्या वार्षिक परीक्षा उघड्यावर, लोकांसमक्ष होत. १८५३ साली पुण्यात या मुलींची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा ती पाहावयास मोठा समुदाय लोटला होता. कल्पना करा. ज्या शहरात शिकलेल्या बाईच्या हातून नवरा मरतो अशी समजूत होती, तेथे चारचौघांत एका मुलीला भूगोलाचा किंवा गणिताचा प्रश्न विचारला जातो आणि ती उभी राहून उत्तर देते. त्या उत्तरात शहराचे नाव होते की बेरीज, याला महत्त्व नाही. ती उत्तर देऊ शकते, हेच त्या दिवशीचे सामान्यज्ञान होते.

त्यापुढचे पाऊल दोन वर्षांनी पडले. याच शाळांत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल आहे. काल जिला उत्तर देण्याची परवानगी मिळाली, तिने आज प्रश्न विचारला. आणि तो असा, की त्याचे उत्तर कोणत्याही पंतोजीच्या पाठांतरात नव्हते. मराठी शाळेच्या इतिहासात याहून मोठा प्रश्न कोणा विद्यार्थ्याने विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

दुर्दैवाने सरकारी व्यवस्था त्याच काळात उलट दिशेने चालली होती. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालावर ठरू लागले. वाचन, लेखन, गणित या तिहींत जितकी मुले उत्तीर्ण, तितके पैसे. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी स्वतः शाळातपासनीस होते. त्यांनी या यांत्रिक पद्धतीवर कडक टीका केली. तरी ती पद्धत त्याच दशकात मुंबई इलाख्यातही आली. इन्स्पेक्टर येणार म्हणून ठराविक उत्तरे घोकून घेण्याची शाळांची जी खोड आपण ऐकून आहो, तिचे मूळ येथे आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. रयतेकडून येणारा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार त्यांनी मांडली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. आयोगाला निकाल मोजावयाचे होते. जोतीराव विचारीत होते, की शाळेच्या दारातच न आलेल्यांचा निकाल कोण मोजणार?

विसाव्या शतकात प्रश्नाला यंत्राची गती आली. १९१४-१५ च्या सुमारास अमेरिकेतील कॅन्सस येथे फ्रेडरिक केली यांनी बहुपर्यायी प्रश्न रचले. त्यांचा हेतू चांगला होता. एकाच उत्तराला दोन परीक्षक निरनिराळे गुण देतात, हा अन्याय त्यांना टाळावयाचा होता. मग रेडिओ आला. शिकागोहून १९४० पासून चलाख मुलांचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ऐकू येऊ लागला, तर बी. बी. सी. वर १९४८ पासून शाळाशाळांचे सामने सुरू झाले. ज्ञानाचा असा खेळ झाला आणि खेळाबरोबर पैसा आला. पैशाचे काय होते, तेही अमेरिकेनेच दाखविले. तेथील दूरचित्रवाणीवर गाजलेला विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन हा विद्यापीठातील अध्यापक. आपणांस उत्तरे आधीच पुरविली जात होती, अशी कबुली त्याने नोव्हेंबर १९५९ मध्ये तेथील संसदीय समितीपुढे दिली. लोक हळहळले, कारण त्यांनी त्याच्या कपाळावरच्या घामावर विश्वास ठेवला होता.

आपल्याकडे नील ओब्रायन यांनी १९६७ साली कलकत्त्यात पहिली खुली प्रश्नमंजूषा घेतली. १९७२ पासून हमीद सयानी व त्यांच्यामागून अमीन सयानी यांच्या आवाजात शाळकरी मुलांची स्पर्धा रेडिओवर घरोघरी पोहोचली. १९८५ साली सिद्धार्थ बसूंनी दूरदर्शनवर, २००० साली अमिताभ बच्चन यांनी ‘कौन बनेगा करोडपती’त, आणि २०१३ साली सचिन खेडेकर यांनी मराठीत हाच सिलसिला चालविला. इकडे आपल्या शाळांत शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला आणि सातवीला होई. २०१७ पासून ती पाचवी-आठवीला होऊ लागली. या सगळ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. खेड्यातल्या एखाद्या हुशार मुलाला याच वाटेने पुढे येता आले आहे. यक्षाचा नाका सर्वांना सारखाच कडक असेल, तर तोही एका अर्थी न्यायच.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. उत्तरे शिळी होतात. जगातील सर्वांत उंच शिखर कोणते व त्याची उंची किती, हा नेहमीचा प्रश्न घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचे उत्तर धवलगिरी होते, मध्यावर काही काळ कांचनगंगा झाले. राधानाथ सिकदार यांच्या गणिताच्या आधारे पंधराव्या क्रमांकाचे शिखर सर्वांत उंच ठरले व १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. १९५५ साली भारतीय सर्वेक्षण खात्याने ८,८४८ मीटर हा आकडा दिला. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी तो ८,८४८.८६ केला. ग्रह नऊ होते, ते २००६ साली आठ झाले. महाराष्ट्राचे जिल्हे १९६० साली २६ होते, आज ३६ आहेत. प्रत्येक वेळी तोंडपाठ उत्तर चुकले. पण फार दूरवरून, शिखरावर पाय न ठेवता, नुसते कोन मोजून त्याची उंची कशी काढतात, हा प्रश्न १८५२ मध्ये जितका ताजा होता तितकाच आजही आहे. त्याचे उत्तर ज्याला कळले, त्याला मोरासापाच्या उदाहरणाचे मर्मही कळले, कारण दोहोंच्या मुळाशी त्रिकोणच आहे.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे. मुलांना सामान्यज्ञानाचे प्रश्न अवश्य विचारा. पाठांतरालाही हसू नका. मात्र ‘किती?’ आणि ‘कोणते?’ यांच्या पाठोपाठ ‘कशावरून?’ हेही विचारीत जा. दिवसातून एक प्रश्न मुलाला तुम्हांला विचारू द्या, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे साफ सांगून दोघे मिळून शोधा. पिप्पलादांना ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात आपणांस वाटण्याचे कारण नाही. आणि आपल्या वर्गात, आळीत, घरात असे कोणी मूल आहे का, ज्याला आजवर कोणी काहीच विचारले नाही, याचा शोध घ्या. पहिला प्रश्न त्याला विचारा.